ऑफिसातल्या ताईंच्या गाडीचं कूलंट रोज कमी होतंय, गॅरेजवाला म्हणतो हेड खोलावं लागेल

माजिवडा_नाका

नमस्कार मंडळी. गाडी माझी नाही हे आधीच सांगतो, आमच्या ऑफिसात अकाउंट्सला एक ताई आहेत त्यांची आहे, पण ठाण्याहून विक्रोळीला आम्ही तिघं त्यांच्याच गाडीतून जातो, गॅसचे पैसे वाटून घेतो, त्यामुळे डोकेदुखी तिघांचीही आहे. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंड हँड घेतलेली, आधीच्या मालकाने बाहेरून सीएनजी किट बसवलेलं.

प्रकार असा की कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बाटलीतली लेव्हल रोज खाली जाते. ताई सकाळी निघताना बॉनेट उघडून नळाचं पाणी ओततात आणि चला म्हणतात. हायवेला गाडी पळत असली की तापमानाचा काटा मधोमध, काही टेन्शन नाही, पण आनंदनगरला नाहीतर ऐरोलीच्या सिग्नलला अडकलो (टोल गेला, रांग काय गेली नाही) की काटा हळूहळू वर सरकायला लागतो, मग ताई एसी बंद करतात, काचा खाली, पाऊस आत, आणि कोणी काही बोलत नाही. गाडीखाली पाणी सांडलेलं म्हणाल तर तसं काही दिसत नाही.

मागच्या आठवड्यात त्या घराजवळच्या गॅरेजला जाऊन आल्या. त्याने इंजिन ऑइलचं झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला धरलेली पांढरट साय दाखवली, म्हणाला मॅडम ऑइलमध्ये पाणी उतरलंय, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालची सीलची पट्टी) गेलं, हेड खोलून घासायला पाठवावं लागेल, तीस हजार धरून चाला. तेव्हापासून त्या गाडी विकूनच टाकते म्हणतायत, मुलीच्या अ‍ॅडमिशनचा खर्च पण याच महिन्यात आलाय. मला यातलं फार कळत नाही पण नुसतं शेजारी बसून जायचं बरं वाटत नाही. शनिवारी ऑफिसचं पार्किंग रिकामं असतं, तिथे आपल्या आपण काय काय बघता येईल? हेड खरंच गेलंय का हे न खोलता कळतं का?

जुना_फिटर

अरे बाबा पहिली गोष्ट, गाडी गरम असताना रेडिएटरचं किंवा बाटलीचं झाकण उघडू नका, ताईंनाही सांग. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल केलंस की दाब सुटतो आणि ते एका झटक्यात उकळून तोंडावर येतं. इंजिन बंद करून निदान तासभर थांबायचं, वरच्या जाड पाइपला हात लावला तर कोमट लागला पाहिजे, मगच जाड फडकं ठेवून सावकाश फिरवायचं. कुर्ल्याला गॅरेजमध्ये या एका चुकीने भाजलेली माणसं बघितली आहेत म्हणून इतकं लांबण लावतोय.

आता झाकणाखालची ती साय. जुलै चालू आहे, बाहेर पाऊस, हवेत दमटपणा आणि गाडी रोज ठाणे विक्रोळी एवढंच चालणार, त्यात अर्धा वेळ रांगेत. इंजिनात जी वाफ धरते ती पूर्ण उडून जात नाही, वरच्या थंड झाकणाला चिकटते आणि ऑइलमध्ये मिसळून पांढरी होते. पावसाळ्यात मुंबईतल्या कितीतरी चांगल्या गाड्यांच्या झाकणाखाली हे मिळेल. नुसतं झाकण बघून हेड गेलं म्हणणं म्हणजे शिंक आली म्हणून ऑपरेशन सांगण्यातला प्रकार आहे. त्याने डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, काढून दाखवली का? खरंच पाणी उतरलं असेल तर डिपस्टिकवरचं ऑइलसुद्धा चहाच्या रंगाचं, दुधट दिसतं आणि लेव्हल वाढलेली असते.

अजून दोनतीन गोष्टी बघून सांग. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो का, आणि तो थांबतो का येतच राहतो, थोडी वाफ पावसाळ्यात सगळ्यांच्याच येते ती नाही मोजायची. गाडी एकदम थंड असताना चालू करायची आणि रेडिएटरचा वरचा पाइप हाताने दाबून बघायचा, मिनिटभरात दगड झाला तर कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाण्यात जातंय, मग हेडचा संशय खरा. आणि थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू कर, आत सारखे बुडबुडे येतात का बघ (सुरुवातीला एकदोन येतील ते अडकलेल्या हवेचे, ते चालतात), आणि पाणी गरम व्हायच्या आत झाकण परत लाव.

गॅसवर चालताना काही त्रास देते का तेही लिही.

चेंबूर_चाळीस

एवढं काय टेन्शन घेताय, रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाका. आमच्या वडिलांची टॅक्सी होती, ते हळदच टाकायचे, बारीक भोक असेल तर बंद होतं. ट्रकवाले आजपण टाकतात.

घाटावरून_खाली

चेंबूर_चाळीस, जुन्या टॅक्सीचा रेडिएटर पितळी, आतल्या नळ्या जाड, त्यात हळद खपून जायची. आता अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक नळ्या असतात, वरखाली प्लास्टिकच्या टाक्या, त्यात हळद टाकली की भोकाआधी नळीच बंद होते आणि एसीच्या मागचा तो छोटा हीटर कोर (गाडीच्या आत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर) तर पहिला जातो. बाजारात मिळणाऱ्या लीक बंद करायच्या बाटल्यांचंही तेच, मध्यरात्री घाटात अडकलात तर वापरा, ठाण्यात शंभर गॅरेजेस असताना कशाला. एमसीलचंही तसंच, प्लास्टिकच्या टाकीला लावलं की गरम थंड होऊन चार दिवसांत सुटतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. रांगेत गरम आणि हायवेला थंड म्हणजे मला तर फॅनचा वास येतोय. पळत्या गाडीत वाऱ्यानेच रेडिएटर थंड होतो, उभ्या गाडीत सगळा भार फॅनवर. फॅन फिरतो का हे कोणी बघितलंय का? एसी लावला की बऱ्याच गाड्यांत फॅन लगेच सुरू होतो, बॉनेट उघडून एसी लावा, फिरला तर मोटर आणि फ्यूज ठीक.

माजिवडा_नाका

सगळ्यांना थँक्यू. आज लंच टाइमला ताईंना घेऊन पार्किंगला गेलो, गाडी सकाळपासून उभी होती म्हणजे थंडच.

डिपस्टिक स्वच्छ, काळपट ऑइल, दुधट वगैरे काही नाही, लेव्हल दोन खुणांच्या मध्ये. धूर नाही. पाइप लगेच कडक झाला नाही, हळूहळू गाडी तापली तसा झाला. बुडबुडे सुरुवातीला आले मग बंद. एसी लावला की फॅन फिरतो. एवढं बघून ताईंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

रेडिएटर समोरून बघितला, कुठे ओलं नाही, फक्त धूळ आणि मेलेले किडे. पण इंजिनच्या मागच्या बाजूला, काच असते त्या भिंतीजवळ, एका पाइपच्या जोडावर फिक्या गुलाबी रंगाचे वाळलेले कण धरलेत, मिठाचा थर बसतो तसे, आणि तिथेच एक कडीसारखी क्लिप आहे ती गंजलेली. हात लावला तर पाइप थोडा ओलसर. तो पाइप एका चौकोनी डब्यासारख्या गोष्टीत जातो ज्याला गॅसची नळी पण आहे.

गॅसवर त्रास म्हणाल तर हो. सकाळी गाडी पेट्रोलवर चालू होते आणि मग आपोआप गॅसवर जाते ना, ते हल्ली खूप उशिरा होतं, कधीकधी माजिवड्यापासून मुलुंडपर्यंत पेट्रोलच जळत राहतं. आणि गॅसवर गेल्यावर झटके मारते. किटवाल्याने प्लग बदलायला सांगितले होते, ते बदलून पण झाले.

जुना_फिटर

सापडलं तर!

तो चौकोनी डबा म्हणजे रिड्यूसर. टाकीत गॅस २०० बारपर्यंत दाबलेला असतो, इंजिनला लागतो साधारण दोन बारला, तो दाब उतरवायचं काम हा करतो. एवढा दाब एकदम उतरला की गॅस भयंकर थंड पडतो, डब्यावर बर्फ धरेल इतका, म्हणून इंजिनचं गरम कूलंट फिरवून त्याला ऊब देतात. बाहेरून किट बसवताना हीटरच्या पाइपला कापून त्यात टी-जोड टाकतात आणि तिथून रबरी नळ्या रिड्यूसरला नेतात. कंपनीने दिलेल्या पाइपपेक्षा हे जोड जास्तीचे, क्लिपा स्वस्तातल्या, रबर उष्णतेने कडक होतं, क्लिप तेवढीच राहते आणि पाणी पाझरायला लागतं. बाहेरून किट लावलेल्या जुन्या गाडीचं कूलंट कमी होतं म्हटलं की मी रेडिएटरच्या आधी तिथे बघायचो.

गाडीखाली काही का दिसत नाही तेही यातच आलं. थेंब गरम इंजिनावर पडतो आणि जमिनीवर पोचायच्या आत उडून जातो, मागे फक्त रंगाचे कण राहतात. गाडी बंद झाली की दाब उतरतो, पाझरणं बंद. पाणी कमी झालं की रिड्यूसरला ऊब पोचत नाही, मग गाडी गॅसवर जायला उशीर लावणार, गेली तर झटके मारणार, आणि बिचारे प्लग बदलले जाणार. रांगेत काटा वर जाण्याचंही कारण तेच असू शकतं, आत हवा शिरली की पाणी नीट फिरत नाही आणि सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहिला तर फॅन वेळेवर लागत नाही.

पण थांब, एक जोड ओला मिळाला म्हणजे तोच एक असं नाही. प्रेशर टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप लावतात, झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढी, साधारण एक बार, हवा भरतात आणि काटा खाली येतो का बघतात. इंजिन थंडच असतं त्यामुळे थेंब उडून जात नाही, जिथे गळतंय तिथे समोर दिसतं. वॉटर पंपच्या खाली एक बारीक भोक असतं तिथेही बघायला सांग, पंपाचं सील गेलं की पाणी तिथून येतं. आणि पुढच्या सीटच्या पायाशी कार्पेट ओलं आहे का हात लावून बघ, एसी लावल्यावर गाडीखाली जे स्वच्छ पाणी गळतं ते वेगळं, त्याची काळजी नाही, पण आत ओलं, चिकट आणि गोडसर वास असेल तर हीटर कोर.

गॅसच्या नळीला मात्र तुम्ही दोघांनी हात लावायचा नाही. पाण्याच्या क्लिपा कोणीही बदलेल पण रिड्यूसर हलवायचा असेल तर किटचा माणूसच पाहिजे.

दोन_मांजरांची_आई

गाडीतलं मला कमी कळतं पण दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं, सोसायटीतली कुत्री मांजरं चाटतात आणि किडनी जाते त्यांची. पार्किंगमध्ये सांडलं तर आधी भुसा नाहीतर जुन्या चिंध्या टाकून टिपून घ्या, मग भरपूर पाण्याने धुवा, जुनं काढलेलं कूलंट उघड्या तसराळ्यात ठेवून देऊ नका.

दुसरं, ताईंबरोबर गॅरेजला जाणार असाल तर त्यांच्या वतीने बोलायला जाऊ नका हो. बाई एकटी गेली की तिला घाबरवतात आणि पुरुष बरोबर असला की तिच्याशी बोलतच नाहीत, दोन्ही सारखंच. त्यांना हे सगळं आधी नीट समजावून सांगा, जोड कुठे आहे तो फोटो त्यांच्या फोनमध्ये असू दे आणि प्रश्न त्यांनाच विचारू दे. हेड खोला म्हणणाऱ्याला एकच विचारायचं, डिपस्टिक दाखव आणि प्रेशर टेस्ट कर, मग बोलू. आणि निघालेले पार्ट परत मागायचे, गंजकी क्लिप का असेना.

चेंबूर_चाळीस

हळद मागे घेतो 😄 पण रस्त्यात गाडी गरम झाली तर काय करायचं ते पण सांगा ना कोणीतरी, शनिवारपर्यंत रोज जायचंच आहे यांना.

घाटावरून_खाली

शनिवारपर्यंत ट्रेनने जा, खरं सांगायचं तर. तीन लोक आहात, ठाणे ते विक्रोळी लोकलने काय लागतं, आणि गाडीला तेवढी विश्रांती मिळेल. हेड आज गेलेलं नाही पण असंच काटा वर घालून चालवत राहिलात तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि मग त्या गॅरेजवाल्याचं भाकीत तुम्ही स्वतः खरं कराल.

तरी न्यायचीच असेल तर काटा वर सरकायला लागला की एसी बंद आणि हीटर फुल गरम, ब्लोअर फुल. जुलैमध्ये घाम फुटेल पण इंजिनची उष्णता केबिनमधून बाहेर निघते, सिग्नलपुरतं निभावतं. लाल रेषेजवळ गेला की डावीकडे घ्या, पार्किंग लाइट, इंजिन बंद, बास. हायवेवर माणसं गाडीच्या मागे उभी राहू नका, रेलिंगच्या पलीकडे जा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. आणि इन्शुरन्सच्या कागदात रोडसाइड असिस्टन्स घेतलंय का ते आधीच बघून ठेवा, अर्ध्या लोकांनी पैसे भरलेले असतात आणि माहीत नसतं.

माजिवडा_नाका

अपडेट देतो. ट्रेनने गेलो हो, ताईंना गाडीची सवय झाल्यामुळे दोन दिवस नाक मुरडत होत्या पण मुलुंडनंतर बसायला मिळालं म्हणून खूश.

शनिवारी सकाळी गाडी टो करून एका दुसऱ्या गॅरेजला नेली. ताईंनी आत गेल्या गेल्या सांगितलं की आधी प्रेशर टेस्ट, बाकी नंतर. त्या माणसाने पंप लावला, एक बारला काटा उभा राहिला आणि मग हळूहळू उतरायला लागला, आम्ही टॉर्च मारून बघत होतो, रिड्यूसरच्या त्याच जोडावर एक गुलाबी थेंब तयार झाला, मोठा झाला आणि टपकला, मग त्याच्या मागे दुसरा. ताई एकदम म्हणाल्या, "हेच का ते तीस हजार?" गॅरेजवाला पण हसला.

पंप कोरडा, कार्पेट कोरडं. टी-जोड, रिड्यूसरच्या दोन्ही रबरी नळ्या आणि सगळ्या क्लिपा स्क्रूवाल्या टाकल्या. रेडिएटरच्या झाकणाचं रबर पण चिरलेलं होतं, तेही बदललं. जुनं पाणी काढलं तर गढूळ तपकिरी निघालं. सगळं मिळून मजुरी कूलंट धरून तीन हजाराच्या आत. ताईंनी जुन्या क्लिपा पिशवीत घालून आणल्यात, पहिल्या गॅरेजवाल्याला दाखवणार म्हणतात, आम्ही नको म्हणतोय.

आता दोन शंका. गॅरेजवाल्याने कूलंट अर्धं आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं टाकलंय, ताई विचारतात मुंबईत कुठे बर्फ पडतो, पाणी का नाही चालत? आणि गणपतीला रत्नागिरीला गाडी नेऊ का?

जुना_फिटर

ताईंना सांग बर्फाचा संबंध नाही. पन्नास टक्के कूलंटने पाण्याचा उकळबिंदू थोडा वर जातो तो फायदा आहेच पण खरा उपयोग गंज न धरण्याचा. इंजिनात लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, रबर सगळं एकत्र आहे, साधं पाणी महिनोन्महिने राहिलं की तेच गढूळ तपकिरी होतं जे तुम्ही काढलंत. त्यात ठाण्यात घोडबंदरच्या बाजूला नळाला पाणी म्हणजे टँकरचं, आणि टँकरचं पाणी बोअरचं असलं तर क्षार, ते रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतात. अडीअडचणीला साधं पाणी टाकलंत तर टाका, पण मग पुढे ते काढून परत नीट भरायचं. वरून टाकायला एक लिटर तयार मिक्स केलेलं डिकीत ठेवा, कुठल्या प्रकारचं भरलंय ते बिलावर लिहून घ्या. रंगावर जाऊ नका, गुलाबी म्हणजे एकच असं नसतं, प्रत्येक कंपनीचा रंग आपला आपला.

भरल्यावर हवा काढली का विचार. नाही काढली तर परत काटा वर जाईल आणि तुम्हाला वाटेल काम खोटं झालं. थंड गाडी, झाकण उघडं, हीटर गरमवर ठेवून चालू करायची, पाणी तापलं की थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) उघडतो, बुडबुडे निघतात, लेव्हल खाली जाते, तेवढं भरत राहायचं, पाणी उसळायला लागायच्या आत झाकण लावायचं. गॅरेजवालाच करेल पाच मिनिटांत, सोमवारी ऑफिसला जायच्या आधी करून घ्या. बाटलीवर मार्करने आजच्या लेव्हलची रेघ मारा आणि रोज सकाळी थंड गाडीतच बघा. पहिल्या एकदोन दिवसांत किंचित उतरली तर हवा निघाली समजा, नंतर उतरता कामा नये.

माजिवडा_नाका

हवा काढली म्हणाला पण आमच्या समोर नाही. सोमवारी परत जातो. रेघ मारली. गॅसवर मात्र आता गाडी नाक्याच्या आतच जाते, झटके बंद.

आणि रत्नागिरी?

घाटावरून_खाली

गणपतीला अजून वेळ आहे ना, तोपर्यंत रोजच्या रांगेत रेघ हलली नाही तर खुशाल जा. निघायच्या आदल्या दिवशी थंड गाडीवर परत एकदा त्या जोडांना हात लावून बघा, नवीन रबर बसलं की क्लिप अर्धा आटा घट्ट करावी लागते कधीकधी. गणपतीच्या गर्दीत माणगावला तासन्‌तास गाडी उभी राहते, घाटापेक्षा तिथेच फॅनची परीक्षा आहे. आणि सीएनजी पनवेलला फुल करून निघा, पुढे रांगा बघून तुम्हीच पेट्रोलवर चालवाल.

दोन_मांजरांची_आई

त्या पहिल्या गॅरेजवाल्याला क्लिपा दाखवायला ताई गेल्या तर इथे लिहा नक्की.